चावडीतली पाटी आणि गावाचे युद्धस्मारक

माढा तालुक्यातल्या एका गावातून तरुणांनी विचारले आहे. जुनी चावडी पाडून तिथे ग्रामपंचायतीची नवी इमारत होणार आहे. चावडीच्या दर्शनी भिंतीत संगमरवराची एक इंग्रजी पाटी आहे: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके पुरुष गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. नाव मात्र एकही नाही. या निमित्ताने स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या गावच्या जवानांसह सगळ्यांचे एक स्मारक करावे असे त्यांच्या मनात आहे. पाटीचे काय करायचे, पुतळा बसवावा की स्तंभ, दगड कुठला घ्यावा आणि नावे कुणाकुणाची, असे त्यांचे प्रश्न आहेत. सोलापुरात जुन्या वास्तूंची दुरुस्ती आणि दगडी स्मारके हेच माझे काम आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

पहिले काम पाटीचे, आणि ते जेसीबी यायच्या आधी उरकले पाहिजे. अशा पाट्या बहुतेक चुन्यात बसवलेल्या असतात. समोरून पहार घालून उचकटायला गेलात तर पाटी मधोमध मोडेल. आधी टेप शेजारी धरून फोटो काढा आणि ती जमिनीपासून किती उंचीवर, कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते लिहून ठेवा. मग समोर फळी आणि गोणपाटाचा टेकू देऊन भिंत वरून आणि मागून उतरवत या. चारही बाजूंचा चुना हॅक्सॉच्या पात्याने किंवा पातळ छिन्नीने हळूहळू खरवडून काढा. दगड सुटला की उभा धरूनच न्या आणि उभाच ठेवा, कारण संगमरवराची पातळ लादी आडवी उचलली तर स्वतःच्याच वजनाने तडकते. धुवायला साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. संडास-फरशी धुण्याचे अॅसिड अजिबात लावू नका. संगमरवर अॅसिडात विरघळतो, आणि शंभर वर्षे टिकलेली अक्षरे एका दुपारी बोथट होतात. काळ्या ऑइलपेंटने अक्षरे भरण्याचा मोहही टाळा.

आता ही पाटी आहे काय, ते पाहू. लढाई ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबली, तह १९१९ मध्ये झाला, म्हणून पाटीवर १९१९ आहे. ज्या गावांतून भरती जास्त झाली तिथे सरकारने एकाच छापाच्या अशा पाट्या बसवल्या. पंजाबात त्या आहेत, आपल्याकडे सातारा, कोल्हापूर, कोकणातही आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. त्या गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लागते. मजकूर सगळीकडे जवळपास तोच: किती गेले, किती मेले. सरकारला गावाची राजनिष्ठा नोंदवायची होती, त्यासाठी आकडा पुरेसा होता.

हा आकड्यांचा हिशेब गावापुरताच नव्हता. आपल्या भागातली मराठा पलटणीतली माणसे मोठ्या संख्येने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होती. सहाव्या पूना डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारामध्ये वेढ्यात अडकल्या. घोडे-खेचरे कापून खाण्याची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली तेव्हा सुमारे १३ हजार लोक कैद झाले, आणि त्यांतले कित्येक तुर्कस्तानच्या वाटेवर उन्हाने, उपासमारीने, हगवणीने गेले. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४० हजारांहून अधिक जणांचे स्मारक बसऱ्याला उभे राहिले. त्याच्या भिंतीवर ब्रिटिशांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडे लिहिले. युद्धातल्या मृतांची थडगी आणि स्मारके सांभाळण्यासाठी १९१७ साली जो आयोग नेमला, त्याचे तत्त्व होते की हुद्दा, वंश, धर्म न पाहता सर्वांना समान मान द्यायचा. आज राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच संस्थेने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात कबूल केले की हे तत्त्व आशिया-आफ्रिकेतल्या माणसांपर्यंत पोचलेच नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे: तुमच्या स्मारकाचे खरे काम पाटीवरच्या आकड्याची नावे करणे हे आहे. दगड, चौथरा, झेंड्याचा खांब या सगळ्या त्यानंतरच्या गोष्टी. वर्गणीतले पैसे आणि तुमची धावपळ यांतला मोठा वाटा नावे शोधण्यावर खर्च होऊ द्या.

नावे मिळू शकतात. भिंतीवर कोरली नसली तरी नोंदवहीत ती आहेत, आणि या आयोगाच्या संकेतस्थळावर ती फुकट शोधता येतात. कित्येक नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. अडचण लिपीची आहे. नोंदी रोमन अक्षरांत, आणि त्याही आपली भाषा न येणाऱ्या कारकुनांनी केलेल्या. सोलापूर तिथे ‘शोलापूर’ म्हणून सापडेल, गावाचे नाव तर चार तऱ्हांनी. रोमन लिपीत त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ एकच. त्या नोंदीत एखादे आडनाव काळे, काले, कळे यांपैकी काहीही असू शकते. गाडे, गडे, गदे यांचीही तीच गत. शिवाय पुष्कळांना आडनावच लावलेले नसते, फक्त स्वतःचे आणि बापाचे नाव. तेव्हा यादी काढली की ती घेऊन गावातल्या जुन्या घरांत बसा. चार-पाच पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ असलेली एखादी आजी प्रत्येक गावात असते. शाळेचे जुने दाखले, तलाठ्याकडचे जुने फेरफार, देवस्थानच्या इनामाचे कागद, यांतूनही धागे लागतात.

घराघरांत आणखी दोन गोष्टी विचारा. एक, पदक. त्या काळच्या चांदीच्या युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. ती भिंगाखाली, उन्हात तिरकी धरून वाचावी लागते. दुसरी वस्तू लोकांच्या लक्षातच येत नाही. मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारने कांस्याची एक जाड चकती पाठवली होती. व्यास सुमारे १२ सेंटिमीटर, त्यावर हातात पुष्पचक्र धरलेली उभी स्त्री, पायाशी सिंह, आणि उजवीकडे चौकटीत उठावाच्या अक्षरांत मेलेल्याचे नाव. हुद्दा मुद्दाम दिलेला नाही. जनरल असो की भिस्ती, चकती तीच. जुन्या घरांत ती देव्हाऱ्यात, फडताळात किंवा तांब्या-पितळेच्या भांड्यांत सापडते. काही मोडीत गेल्या असतील. एखादी उरली असेल तर तिच्यावरचे नाव हा सर्वांत पक्का पुरावा समजा.

पाटीवरच्या आकड्यात पलटणीतले शिपाई तेवढेच असतील असे धरून चालू नका. खेचरे हाकणारे, पाणक्ये, आचारी, हमाल, मजूर असे अनुचरही समुद्रापार गेले आणि मेले. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर काही वर्षांतच मोडली. त्या घरांतल्या आठवणी गावच्या मुख्य वस्तीत कुणी विचारायला जात नाही. तुम्ही जा. सगळ्या वस्त्यांवर जा, वाड्या-तांड्यांवरही.

स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लेखी अर्ज करा आणि गरज पडल्यास त्या-त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडूनही खातरजमा करून घ्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. नावाचे सरकारी स्पेलिंग, नंबर, युनिट, तारीख आणि ठिकाण एवढे कागदावर हवे. ऐकीव माहितीवर दगड कोरू नये.

कुणाला घ्यायचे यावर वाद होतील. कुणी म्हणेल, पहिल्या महायुद्धातले लोक इंग्रजांसाठी लढले, त्यांना कशाला? मला वाटते, ते तुमच्याच शिवारातून गेले, त्यांच्या बायका-मुलांनी याच गावात दिवस काढले, एवढे कारण पुरे आहे. स्मारक हे त्या युद्धाच्या बाजूचे किंवा विरोधातले मत नसते. चकमकीत मेला की बर्फाखाली, अपघातात की तळावरच्या आजारात, हा भेदही मी करणार नाही. ड्यूटीवर गेला तो सगळा एकाच ओळीत. आपल्या जिल्ह्याच्या पूर्व कडेच्या गावांना आणखी एक प्रश्न पडतो, तो हैदराबादच्या लढ्याचा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजेची मुख्य तुकडी सोलापुरातूनच निघाली, त्याच दिवशी नळदुर्ग घेतला, आणि १७ तारखेला निजाम शरण आला. त्याआधी सरहद्दीवरच्या गावांनी रझाकारांचे हल्ले सोसले होते. त्यात बळी गेलेले गावकरी सैनिक नव्हते, पण त्यांची नावे गावाला हवी असतील तर त्याच चौथऱ्यावर वेगळ्या शिळेवर, वर्ष आणि प्रसंग लिहून घाला. सगळे एकाच मथळ्याखाली कोंबले की पुढच्या पिढीला कोण कशात गेले ते कळत नाही. सोलापूर शहरात ‘हुतात्मा’ म्हटले की लोकांपुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येतात. मथळा ठरवताना ते भान ठेवा. मला तर ‘या गावातून गेलेले आणि परत न आलेले’ एवढे साधे वाक्य कुठल्याही मोठ्या शब्दापेक्षा बरे वाटते.

आता घडणीकडे येऊ. नमुना शोधायला दिल्लीकडे बघण्याआधी आपल्या मारुतीच्या पाराशेजारी बघा. वीरगळ हे आपल्याकडचे गावोगावचे युद्धस्मारकच आहे. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या आवारात जाऊन एकेक शिळा वाचा: तळाच्या चौकटीत लढाई किंवा पळवलेली गुरे आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, माथ्यावर कलश, बाजूला सूर्य-चंद्र. माणसाच्या कमरेएवढी, एका माणसासाठी एक शिळा, जमिनीत रोवलेली. प्रमाण बघा त्याचे. जवळ जाऊन, वाकून बघावे लागते. उणीव एकच, आणि ती मोठी आहे: बहुतेक वीरगळांवर नाव नाही, म्हणून आज शेंदूर फासलेला तो वीर कोण हे गावाला सांगता येत नाही. साध्या शिपायांची नावे दगडावर कोरण्याची रीत आपल्याकडे कंपनी सरकारच्या काळात दिसते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर भीमा कोरेगावला उभारलेल्या स्तंभावर ती नावे आजही वाचता येतात. आणि कोरलेले अक्षर किती टिकते याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावरच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. हजार वर्षांनंतरही तो बोटाने लागतो.

या दोन्हींची सांगड घाला: वीरगळाचे प्रमाण आणि नावांची भिंत. माणसाच्या छातीपर्यंत येईल अशा उंचीची जाड शिळा, वा तीन-चार शिळा अर्धवर्तुळात. नावे गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे मुलालाही वाचता येतील. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाची, २०१९ मध्ये खुल्या झालेल्या त्या वर्तुळांची नक्कल गावात करू नका. पण त्यातली एक गोष्ट घ्या: त्याग चक्रात प्रत्येक जवानाच्या नावाची ग्रॅनाइटची वेगळी वीट आहे, त्यामुळे नाव मिळाले तसे जोडता येते. तुम्हालाही बसऱ्याच्या यादीतले एखादे नाव दहा वर्षांनी सापडेल. खाली जागा सोडा. फक्त तिथे रिकाम्या ओळी आखून ठेवू नका. गावातल्या ज्या आईचा मुलगा आज सीमेवर आहे तिने त्या ओळींकडे कशा नजरेने पाहायचे?

दगड शक्यतो काळा पाषाण, आपल्याच भागातला. घेताना हातोडीने वाजवून बघा: खणखणीत वाजला तर एकसंध, बद्द वाजला तर आत पोकळी किंवा चीर. पृष्ठभागावर बारीक छिद्रे असलेला दगड चौथऱ्याला चालेल, नावांच्या शिळेला नको. पाषाणात कोरायला चांगला कारागीर मिळाला नाही तर ग्रॅनाइट घ्या, पण २० मिलिमीटरची किचन-ओट्याची लादी नको. निदान ५० मिलिमीटर जाड हवा. शहाबादी फरशी पदर सुटत जाते, तिच्यावर नावे कोरू नयेत. पायाखाली मात्र शहाबादीच बरी. लोक स्मारकापुढे चपला काढतात, आणि सोलापूरच्या मे महिन्यात चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवर अनवाणी उभे राहता येत नाही. शिळा बसवताना खुंट्या स्टेनलेस स्टीलच्या वापरा. साधे लोखंड गंजून फुगते आणि आतून दगड फोडते.

अक्षरे कोरून घ्या, छापून नाही. लेझरने काढलेले फोटो आणि अक्षरे पहिल्या वर्षी देखणी दिसतात, पण ती दगडाच्या नुसत्या पॉलिशवर असतात. सोनेरी रंग दोन-तीन पावसाळ्यांत उडतो. छिन्नीने ‘व्ही’ आकाराची खाच घेतलेले अक्षर रंगाशिवाय, सावलीने वाचता येते. साधारण ३० मिलिमीटर उंचीचे अक्षर, ५ मिलिमीटरची रेघ, ३ मिलिमीटर खोली धरा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, म्हणून दोन ओळींतले अंतर अक्षराच्या उंचीच्या दुपटीहून कमी नको. नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. रबराची स्टेन्सिल लावून वाळूचा झोत मारून कोरत असाल तर ‘ब’च्या पोटातली रेघ, ‘ध’ची गाठ आणि अनुस्वाराचा ठिपका उडत नाही ना, ते एका तुकड्यावर आधी करून बघा. तो तुकडा जागेवर नेऊन सकाळी ८ वाजता, झेंडावंदनाच्या वेळेला उभा करा आणि थोडा-थोडा फिरवा. ऊन सरळ समोरून आले की अक्षर सपाट दिसते, कडेने घासून आले की उठते. शिळेचे तोंड त्यावरून ठरवा.

पायाबद्दल कंजुषी करू नका. आपल्याकडची गावातली स्मारके पडतात ती दगडामुळे पडत नाहीत, काळ्या मातीमुळे पडतात. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि तिच्यावर ठेवलेला चौथरा दरवर्षी वर-खाली होतो. पक्का मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरकडून तळाशी फुगवटा असलेल्या पाइल घ्या. निघालेली काळी माती परत खड्ड्यात लोटू नका. मुरमाचे वीतभर जाडीचे थर पाणी मारून धुमसा. चौथऱ्याभोवती मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेली फरशी करा म्हणजे पाणी मुळाशी मुरणार नाही. पिंपळ-वड जवळ लावू नका. कडुलिंब लावायचा तर पाच-सहा मीटर लांब.

जागा रस्त्याच्या कोपऱ्यावर नको. पालखी मार्ग रुंद झाला तेव्हा रस्त्याकडेच्या गोष्टींचे काय झाले ते माळशिरस-पंढरपूरकडच्या लोकांनी पाहिले आहे. गावठाणातली, ग्रामपंचायतीच्या नावावरची जागा ग्रामसभेच्या ठरावात चतुःसीमेसह लिहून घ्या. शाळेजवळ मिळाली तर उत्तम. जुनी इंग्रजी पाटी नव्या स्मारकातच, छताखाली किंवा निदान आडोशाला, नावांच्या शेजारी बसवा. खाली लहान अक्षरांत तिचे मराठी आणि ती मुळात चावडीत होती ही नोंद.

पुतळ्याला माझा विरोध आहे. पुतळा म्हटला की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, कला संचालनालयाची मान्यता, आणि चांगल्या कांस्याचा खर्च. तो परवडत नाही म्हणून मग फायबरचा जवान येतो, तीन उन्हाळ्यांत त्याचा रंग उडतो, बंदूक मोडते, आणि ज्यांचा मान राखायचा त्यांचीच विटंबना डोळ्यांसमोर उभी राहते. तीन सिंहांची राजमुद्राही कोरू नका. तिच्या वापरावर २००५ च्या कायद्याने बंधन आहे.

आणि देणगीदार. हे कठोर वाटेल, पण शिळेवर, चौथऱ्यावर, कुठेही देणगीदाराचे, पुढाऱ्याचे, उद्घाटकाचे नाव नको. जवानाच्या नावापेक्षा ‘यांच्या शुभहस्ते’ची पाटी मोठी असलेली स्मारके मी पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी संताप आला आहे. वर्गणीदारांची यादी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात फ्रेम करून लावा, हिशेबासकट.

नावांचा क्रम मृत्यूच्या तारखेनुसार ठेवा, तारीख माहीत नसेल तिथे वर्णानुक्रमे. हुद्द्याने नाही, जातीने तर नाहीच. सगळ्यांची अक्षरे एकाच मापाची. कोरायला देण्याआधी पूर्ण मजकूर खऱ्या मापात कागदावर छापून शाळेच्या भिंतीवर महिनाभर लावा. अशाच एका कागदापुढे एका जवानाची वहिनी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, सरकारी कागदात ‘ज्ञानदेव’ आहे, पण घरात, शाळेत, पत्रांवर सगळीकडे ‘ज्ञानोबा’च होता. सरकारी नाव आणि घरचे नाव दोन्ही घ्यायचे ठरले, आणि त्यासाठी अख्ख्या शिळेची मांडणी बदलली. कागदावर ते एका संध्याकाळचे काम होते. दगडावर झालेच नसते. प्रत्येक घरातल्या एकाची त्या कागदावर सही घ्या, मगच छिन्नी लागू द्या.

जे गेले आणि परत आले त्यांची नावे शिळेवर मावणार नाहीत, पण पाटीवर त्यांचाही आकडा आहे. त्यांच्यासाठी शाळेत एक जाड बांधीव वही ठेवा: नाव, पलटण, घर, कुणी सांगितले, केव्हा सांगितले. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. पाटी भिंतीतून सुटली की तिचा तिरक्या उजेडातला फोटो आणि मातीची खोली पाहायला खणलेल्या खड्ड्याचा फोटो मला पाठवा. शिळांची मापे त्यावरून काढून देतो.